आधी भिंत, मग मशीन : राळेगावच्या बाजारातील चौकशी

यवतमाळहून कळंबमार्गे राळेगावकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळीभोर जमीन सोबतीला असते. खरिपात तिच्यावर कपाशी, तूर, सोयाबीन उभे असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो आणि राळेगावच्या बाजार समितीकडे, जिनिंगकडे कापसाच्या गाड्यांची रीघ लागते. तालुक्याचे ठिकाण, नगर पंचायत, एस.टी.चे आगार, तहसील कचेरी आणि एक लांबलचक बाजाररस्ता असे हे गाव आहे. तालुक्याच्या एका अंगाला वर्धा नदी वाहते. पलीकडे वर्धा जिल्हा लागतो. तालुक्यातीलच वडकी गावावरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो.

ही काळी जमीन कापसाला जितकी मानवते, तितकी घराला मानवत नाही. काळ्या मातीचा गुणच असा की पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण पाहतोच. तीच माती आपल्या घराच्या पायाखालीही असते. पाया उथळ असला की पावसाळ्यात घर किंचित उचलले जाते आणि उन्हाळ्यात खाली बसते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दाराची चौकट वाकडी होते, कडी लागेनाशी होते. वर विदर्भाचे ऊन आहेच. टिनाचे पत्रे तापतात, पसरतात, रात्री आकसतात आणि खिळे ढिले करतात. म्हणून राळेगावकडच्या संसारात दुरुस्ती कधी संपत नाही.

पूर्वी ही कामे गावचा सुतार, गवंडी किंवा घरचा कर्ता माणूस छिणी-हातोडीने उरकून टाकी. आता तसे राहिलेले नाही. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत माणूस मिळत नाही. मिळाला तर चार छिद्रांसाठी यायला तो राजी नसतो. घरातील तरुण मुलगा मोबाइलवर पाहतो आणि म्हणतो, "आपणच ड्रिल मशीन घेऊन टाकू." कापसाचे पैसे हाती आलेले असतात. शनिवार-रविवार पाहून बाप-लेक बाजारात जातात, दुकानदार जे पुढे करतो ते घेऊन येतात. पुष्कळदा ते मशीन दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत माळ्यावर जाऊन पडते.

यात पैशाचा प्रश्न आहे. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. बऱ्यापैकी ड्रिल मशीन अडीच हजारांच्या आसपास येते. म्हणजे आठ दिवसांचा घाम त्या डब्यात बंद असतो. आणि प्रश्न पैशावरच थांबत नाही. चुकीचे मशीन, चुकीची चकती किंवा उघडी वायर डोळा घेते, बोट घेते, प्रसंगी जीवही घेते. तेव्हा घेण्याआधी चौकशी कशी करावी, हे राळेगावच्या बाजाररस्त्यावरून चालता चालता आपण पाहू.

मिस्त्रीचा पहिला प्रश्न

हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न विचारते, "चांगली कंपनी कोणती?" त्याच दुकानाच्या पायरीवर चहा घेत बसलेला जुना मिस्त्री मात्र उलटा प्रश्न विचारतो, "भाऊ, कंपनी मंग पाहू. पयले सांगा, तुमची भित कायची हाये?"

या एका प्रश्नात निम्मी चौकशी आली. राळेगावात आणि आसपासच्या खेड्यांत एकाच वस्तीत चार तऱ्हेच्या भिंती सापडतात. जुनी घरे मातीची किंवा कुडाची आहेत. काही घरांत विटा आहेत, पण जोड मातीचा आहे. घरकुलांत आणि नव्या घरांत सिमेंटात बांधलेल्या विटा, कुठे राखेच्या विटा, आणि दारे-खिडक्यांवर लोखंड-सिमेंटचे लिंटल असते. स्लॅब पडला असेल तर वर काँक्रीट आले.

मातीच्या भिंतीला ठोके मारणारे मशीन लावले तर छिद्राऐवजी भगदाड पडते. तिथे हातगिरमिट आणि लाकडाची खुंटी हेच शहाणपण. सिमेंटात बांधलेल्या विटांच्या भिंतीला ज्याला इम्पॅक्ट ड्रिल म्हणतात ते पाचशे-सहाशे वॅटचे साधे मशीन पुरते. ते फिरता फिरता ठोकेही मारते. ठोके बंद करण्याचे बटन त्यावर असते. ते बंद केले की लाकूड आणि पत्रा यांनाही तेच मशीन चालते.

लिंटल, खांब आणि स्लॅब यांची गोष्ट वेगळी. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका तयार होतो. तो ठोका हलका असतो आणि माणसाला मागून जोर लावावा लागतो. काँक्रीटमध्ये गिट्टी लागली की बिट तिथेच लाल होते. त्यासाठी रोटरी हॅमर नावाचे मशीन असते. त्यात दट्ट्या हवेच्या दाबाने बिटावर आदळतो. मागून फारसा जोर न लावता ते काँक्रीट फोडते. त्याचे बिट वेगळे असते, मागे खाचा असलेले, आणि ते साध्या ड्रिलच्या चकमध्ये बसवायचे नसते. हॅमर महाग आणि जड असतो. ज्याच्या घरी स्लॅबच नाही त्याने तो कशाला घ्यावा? आणि ज्याच्या घरी स्लॅबला एकदाच दोन भोके पाडायची आहेत, त्याने हॅमरवाल्या मिस्त्रीलाच बोलवावे. छताचा पंखा तर प्लास्टिकच्या गिट्टीत स्क्रू पिळून कधीच टांगू नये. तो स्लॅबमधल्या लोखंडी हुकालाच हवा.

ज्या कामाला मशीन लागत नाही

मिस्त्री लोकांशी बोलताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. घरातील निम्मी कामे मशीनची नसतातच. पावसाळ्यात सागवानी दार फुगून अडकले तर ते लगेच तासू नये. हिवाळ्यात तेच दार ढिले पडते. ज्या जागी घासते तिथे खडूने खूण करावी, दिवाळीनंतर पाहावे आणि तरीही अडले तर हातरंध्याने पातळ पोपडा काढावा.

भिंतीच्या भेगेचेही तसेच. भेग दिसली की ग्राइंडरने खाच पाडून सिमेंट भरायची घाई होते. काळ्या मातीतले घर असेल तर आधी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. भेगेवर कागदाची पट्टी चिकटवावी. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. पट्टी फाटली, रेघेच्या पुढे भेग सरकली तर दुखणे पायात आहे. त्याला मशीनचा उपाय नाही, तिथे जाणकार अभियंत्याला दाखवावे. पायाशी पाणी साचू न देणे, छपराचे पाणी घरापासून दूर काढून देणे, हा बिनपैशाचा उपाय आधी करावा.

म्हणून बाजारात जाण्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून यादी करावी. मुलाच्या वहीचे एक पान त्याला पुरे. भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीचे दोन खिळे, स्वयंपाकघरातील मांडणी, न्हाणीघराचा नळ, दाराची कडी, पत्र्याचे स्क्रू, अशी वर्षभरातील कामे लिहावीत. पुढे भिंत कशाची ते लिहावे आणि त्यापुढे किती छिद्रे ते लिहावे. रमाई आवास योजनेतील घरकुल २६९ चौरस फुटांचे. तेवढ्या घरात वर्षाला दहा-बारा छिद्रे निघाली तर मिस्त्रीचा भाव आणि मशीनची किंमत यांची तुलना सहज करता येते. ही यादी घरातील बाईने करावी हे उत्तम. घरात काय कुठे टांगायचे हे तिलाच ठाऊक असते आणि पैसाही तिनेच जमवलेला असतो.

पाटी वाचायला शिका

आता मशीन घ्यायचेच ठरले. दुकानदार डबा उघडतो, मशीन सुरू करून दाखवतो, आवाज ऐकवतो. आवाजावर जाऊ नये. मशीनच्या पोटावर एक छोटी पाटी असते, ती वाचावी. चष्मा नसेल तर मुलीला वाचायला लावावी.

पाटीवर पहिल्यांदा व्होल्ट आणि वॅट असतात. वॅट म्हणजे मशीन किती वीज खाते तो आकडा. सहाशे वॅटचे मशीन दहा मिनिटे चालले तर युनिटचा दहावा हिस्सा जळतो. म्हणजे विजेच्या बिलाची भीती नको. पण नुसते वॅट जास्त म्हणून मशीन चांगले असेही नव्हे. पुढे मिनिटाला किती फेरे ते लिहिलेले असते. हे मोकळे फिरतानाचे फेरे असतात. भिंतीत शिरल्यावर ते कमी होतात. मग चक किती मिलिमीटरचा ते असते, १० किंवा १३. त्याच्याहून जाड दांड्याचे बिट त्यात बसणार नाही. आणि शेवटी लाकडात, लोखंडात, भिंतीत किती जाडीचे छिद्र पाडता येईल ते तीन वेगळे आकडे असतात. दुकानदार त्यातला सर्वांत मोठा, म्हणजे लाकडाचा, आकडा सांगतो. आपण भिंतीचा विचारावा.

पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का ते मुद्दाम पाहावे. याचा अर्थ मशीनला आतून दुहेरी आवरण आहे. अशा मशीनला दोन पिनांचा प्लग असतो आणि अर्थिंगची गरज नसते. ही खूण नसेल, प्लग तीन पिनांचा असेल, तर घराचे अर्थिंग धड असल्याशिवाय ते मशीन लावू नये. प्लग बसत नाही म्हणून तिसरी पिन कापणारे शूर लोक आपल्याकडे कमी नाहीत. ती पिन शोभेसाठी दिलेली नसते.

प्लग, वायर आणि एक्स्टेंशन बोर्ड यांवर आय.एस.आय. चिन्ह आणि त्याखाली परवान्याचा क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोचे 'बीआयएस केअर' नावाचे ॲप मोबाइलवर फुकट मिळते. त्यात तो क्रमांक घातला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसते. दुकानातच उभे राहून हे करता येते.

डब्यावरचेही वाचावे. बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन क्रमांक हे पाकिटबंद मालावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ज्या डब्यावर यातले काहीच नाही, तो डबा स्वस्त असला तरी परत ठेवावा.

चकतीचा हिशेब

ड्रिलपेक्षा धोक्याचे मशीन म्हणजे ग्राइंडर. त्यालाच आपल्याकडे कटर म्हणतात. लोखंडी खिडकीचा गज कापायला, फरशी कापायला त्याचा उपयोग. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. हिशेब केला तर चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने धावत असते. महामार्गावरची मोटारही एवढी पळत नाही. त्या वेगात चकतीचा तुकडा उडाला तर तो कोणाचा डोळा आहे हे पाहत नाही.

प्रत्येक चकतीवर ती जास्तीत जास्त किती फेऱ्यांपर्यंत चालवावी तो आकडा छापलेला असतो. चार इंची कापायच्या चकतीवर तो साधारणपणे १५,३०० असतो. सात इंची चकतीवर ८,५०० असतो. आता कोणी ग्राइंडरचे पत्र्याचे झाकण काढून त्याला मोठी चकती लावली तर काय होईल? ८,५०० फेऱ्यांसाठी केलेली चकती ११,००० फेऱ्यांनी फिरेल आणि फुटेल. साधा नियम असा की चकतीवरचा आकडा मशीनवरच्या आकड्यापेक्षा मोठाच हवा आणि झाकण कधीही काढायचे नाही. चकतीच्या मधल्या कड्यावर वापराची मुदतही छापलेली असते. मुदत संपलेली किंवा ओल खाल्लेली चकती फेकून द्यावी. लाकूड कापायचे दातेरी पाते ग्राइंडरला लावणे म्हणजे तर आपल्या पायावर धोंडा पाडून घेणे.

मशीनच्या पैशातच चष्म्याचे आणि मास्कचे पैसे धरावेत. विटेच्या आणि सिमेंटच्या बारीक धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की फुप्फुसाचा असा आजार होतो, जो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला दुपट्टा ही धूळ अडवत नाही, त्याला एन-९५ मास्क लागतो. फिरत्या ड्रिलजवळ ढिले हातमोजे, दुपट्टा, साडीचा पदर, मोकळे केस आणि सैल बाह्या नकोत. लहान मुलांना खोलीबाहेर ठेवावे. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली भिंतीच्या पोटात वायर असते, तिथे ड्रिल लावू नये.

वाइंडिंगवाल्याला विचारा

राळेगावसारख्या शेतीच्या गावात मोटार वाइंडिंगची दुकाने असतातच. शेतातील पंप जळाले की तिथे येतात. मशीन विकत घेण्यापूर्वी या माणसाला एक प्रश्न जरूर विचारावा, "दादा, कोणत्या मशीनचे सामान इथे मिळते?" ही चौकशी कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची आहे, कारण जळालेली मशीन शेवटी त्याच्याच टेबलावर येतात.

वायरवर चालणाऱ्या साध्या मशीनच्या मोटारीत दोन कार्बन असतात. पेन्सिलीच्या शिशासारखे ते झिजतात आणि झिजणे हेच त्यांचे काम आहे. कार्बन संपला की मशीन अडखळते, आत ठिणग्या जास्त उडतात. त्या वेळी थोड्या पैशांत जोडी बदलली तर मशीन पुन्हा उभे राहते. तसेच दामटले तर आर्मेचर जळते आणि आर्मेचरची किंमत पाहून माणूस नवे मशीन घ्यायला निघतो. ज्या मशीनचा कार्बन राळेगावात किंवा फार तर यवतमाळात मिळतो, ते दोनशे रुपये महाग असले तरी आपल्याला स्वस्तच. ज्याच्या कार्बनसाठी नागपूरची वारी करावी लागते, ते स्वस्त मशीन महागात पडते.

हे मशीन एकेकाळी कष्टकऱ्याच्या घरात येईल असे कोणाला वाटलेही नसते. जर्मनीतील श्टुटगार्ट शहरात फाइन यांच्या कारखान्याने १८९५ साली हातात धरायचे विजेचे ड्रिल केले. अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा असलेल्या ड्रिलचे पेटंट १९१७ मध्ये मिळवले. आजही हातात येते ते रूप तेच. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या मुलुंडमधील राली वुल्फची मशीन कारखान्यांत नावाजलेली होती. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ येथे कुलकर्णी पॉवर टूल्सचा कारखाना १९७० च्या दशकात उभा राहिला. 'केपीटी' ही अक्षरे जुन्या फिटरांच्या तोंडी आजही आहेत. शिरोळ हेही तालुक्याचेच गाव आहे, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

वीज, ऊन आणि बॅटरी

खेड्यात व्होल्टेज वरखाली होते. त्यात पन्नास फूट बारीक वायर जोडून मशीन चालवले की त्याला विजेचा पुरवठा कमी पडतो. मशीन फिरते पण गरम होते, शेवटी जळते आणि दोष कंपनीला लागतो. एक्स्टेंशनची वायर तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची आणि गरजेपुरतीच लांब असावी. गुंडाळी सोडून, पूर्ण उलगडून वापरावी. घरच्या बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घेतला तर अंगातून वीज जाऊ लागताच तो क्षणात पुरवठा तोडतो. मशीनइतकेच याचे महत्त्व आहे. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून ड्रिल चालवू नये, हे सांगायला नकोच.

बॅटरीचे मशीन सोयीचे असते. लाइट गेली तरी चालते. पण त्यातही चौकशी हवी. एका डब्यावर १८ व्होल्ट आणि दुसऱ्यावर '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेले असते, तेव्हा दुसरे जास्त ताकदीचे वाटते. दोन्हींत पाचच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येकी चार व्होल्ट धरले की २० होतात आणि चालतानाचे ३.६ धरले की १८ होतात. म्हणजे नाव दोन आणि वस्तू एक. नुसत्या बॅटरीची किंमत किती आणि ती दोन-तीन वर्षांनी मिळेल का, हे आधी विचारावे. शिवाय उन्हाळ्यात टिनाखालची खोली तापते, तिथे लिथियम बॅटरी ठेवू नये आणि तापलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये. माठाजवळची कोरडी, सावलीची जागा बरी. वर्षातून चार दिवस काम असणाऱ्या घराला मात्र वायरचे मशीनच परवडते. ते वर्षभर पडून राहिले तरी बिघडत नाही.

पक्के बिल, पक्का हक्क

बिल मागितले की किंमत वाढते, असे दुकानांत ऐकू येते. तरीही पक्के बिल घ्यावे. बिलावर मशीनचा मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख घ्यावी. वॉरंटीत काय येत नाही तेही विचारावे. कार्बन, वायर, चक बहुधा त्यातून वगळलेले असतात.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील एक तरतूद गावातील माणसाच्या फार उपयोगाची आहे. वस्तू नागपुरात घेतली असो की मोबाइलवरून मागवली असो, ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकतो. म्हणजे राळेगावच्या माणसाला यवतमाळ पुरते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही. वकील केलाच पाहिजे असेही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पण या सर्वाला आधार एकच, तो म्हणजे बिल.

यवतमाळला भाव काढायला जायचे असेल तर वहिनींना सोबत न्यावे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे आणि घासाघीस कोणाला जास्त जमते हे प्रत्येक घराला माहीत आहे.

एक मशीन, दहा घरे

शेवटची चौकशी आपल्या शेजाऱ्यांकडे करावी. एका गल्लीत पाच घरांनी पाच मशीन घेतली आणि पाचही वर्षातून चार दिवस चालली, यात शहाणपण काय? बचत गटाने किंवा चार-पाच कुटुंबांनी मिळून एक चांगले इम्पॅक्ट ड्रिल, बिटांचा संच, चष्मा आणि मास्क घ्यावेत. एका वहीत कोणी नेले, कधी आणले ते लिहावे. मशीन एकाच जबाबदार माणसाकडे राहावे. नेणाऱ्याने आपले बिट आपण आणावे, म्हणजे भांडण होत नाही.

चालवायला शिकणेही आलेच. राळेगावला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तिथे शिकणारी आपली मुले रविवारी तासभर वस्तीत मशीन धरून दाखवतील तर मोठ्यांनी कमीपणा मानू नये. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा कामगारांचे तांत्रिक प्रशिक्षण हा त्यांच्या खात्याचाच विषय होता. हातात हत्यार आहे पण त्याचे ज्ञान नाही, अशी स्थिती आपल्या घरात राहू नये.

ज्यांचा सुतारकाम, गवंडीकाम, लोहारकाम हाच धंदा आहे त्यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली. तीत १८ व्यवसाय आहेत. काही दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर अशी तरतूद आहे. एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. आपल्या वस्तीतील मिस्त्रींनी सामान्य सेवा केंद्रात जाऊन याची विचारणा करावी.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, मशीन घ्यायला निघालात तर खिशात एक कागद असू द्या. भिंत कशाची, वर्षात छिद्रे किती, पाटीवर काय लिहिले आहे, कार्बन कुठे मिळतो, बिल पक्के आहे का आणि शेजारच्याकडे मशीन आहे का, हे सहा प्रश्न त्यावर लिहा. सहाही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत पाकिटाला हात लावू नका. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. आठ दिवसांची मजुरी देताना अर्धा तास विचारपूस करण्याचा आपल्याला पुरता हक्क आहे.